ती हसत होती

मुलं काय विचारणार हे खमैस मास्तरांना वर्गात पाऊल टाकण्याआधीच ठाऊक असे. विमानं किती होती, बंदूक खरी होती का, भीती वाटली का. भीतीच्या प्रश्नाला ते जरा थांबत, चष्मा काढून रुमालाने पुसत आणि म्हणत, "भीती सगळ्यांनाच वाटते, बाळांनो. पळायचं की नाही, एवढंच आपल्या हातात असतं." मग टाळ्या होत. दर ऑक्टोबरात हे असंच चाले. फ्रेंच आरमार बिझर्टच्या बंदरातून कायमचं निघून गेलं तो दिवस जवळ आला की गावातल्या शाळा मास्तरांना बोलावून नेत. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली तरी हे बंदर तेवढं फ्रेंचांनी मुठीत ठेवलं होतं, आणि एकसष्टच्या जुलैत ते सोडवायला जी पोरं रस्त्यावर उतरली त्यांतले हिंडतेफिरते असे आता दोघं-तिघंच उरले होते. यंदाही सगळं रिवाजाप्रमाणे पार पडलं होतं. टेबलाला रेटा देऊन मास्तर उठतही होते, इतक्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रहमा तिचं नाव. अकरा-बारा वर्षांची, एका भुवईवर खपली धरलेली. तिने विचारलं, "मास्तर, ते तीन दिवस तुम्ही जेवलात काय?"

"मकरोनी," मास्तर म्हणाले. "तारली घालून. वर बडीशेपेचा पाला."

बोलून झाल्यावर ते त्यांना ऐकू आलं. एकोणपन्नास वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचं उत्तर कधी शिवून ठेवलं नव्हतं. ते तोंडातून असं बाहेर आलं की जणू जिभेला मधली वर्षं माहीतच नव्हती. वर्ग हसला. मागे उभा असलेला वर्गशिक्षक सलीम, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, तोही हसला. "काय मास्तर, आघाडीवर मकरोनी? आमच्या वेळी नाही सांगितलंत हे!" मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "कोणी केली होती?" मास्तर म्हणाले, "होती एक बाई." "कुठली बाई?" "आता नाही आठवत." आणि मग, कोणी अडवत नसताना, त्यांनी घाईघाईने टोपी उचलली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला आणि डावा पाय किंचित ओढत ते जिना उतरले. खाली अंगणात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत, लहानपणी वडिलांनी पिरगाळल्यावर तापत तसे.

शाळेतून घरी जायला दोन रस्ते होते. एक सरळ, बाजारातून. दुसरा कालव्याच्या काठाने, जुन्या बंदराला वळसा घालून. बाजारात माणसं भेटली असती. तरी काठानेही ती भेटलीच. जाळं शिवणाऱ्या एकाने हात छातीला लावून "कसे आहात मास्तर?" म्हटलं, लबलाबीच्या, म्हणजे हरभऱ्याच्या कढणाच्या गाडीवरच्या पोऱ्याने वाडगा उंच धरून "या की, गरम आहे!" अशी हाक दिली. मास्तर हसले, हात छातीला लावला, पुढे चालले. एरवी या काठावरून चालताना त्यांना मालकी वाटे. या गावाचा इतिहास त्यांनी चाळीस वर्षं शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावर एकशेदहा पानांचं एक पुस्तकही लिहिलं होतं; नगरपालिकेने ते छापून पाहुण्यांना वाटलं होतं. कोण कोण येऊन गेलं या चिंचोळ्या पाण्याच्या तोंडाशी! फिनिशियन आले, रोमन आले. स्पेनमधून हाकललेले मुसलमान किल्ल्यामागच्या चढावर वस्ती करून राहिले आणि आजही त्यांचे वंशज भांडणात एकमेकांना ग्रनाडाची ऐट दाखवतात. तुर्क आले, माल्टाचे शेळ्यावाले आले, क्रांतीतून पळालेलं रशियाचं अख्खं आरमार इथे येऊन गंजत पडलं, आणि त्यातल्या सरदारांच्या बायकांनी गावातल्या मुलींना पियानो शिकवला. सगळ्यांना मास्तरांनी पुस्तकात जागा दिली होती. रशियनांना तर सहा पानं. आणि सदतिसाव्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं: "काही सिसिलियन मच्छीमार कुटुंबेही धक्क्याजवळ राहत असत." ते वाक्य लिहायला मास्तरांना अकरा दिवस लागले होते. आधी दीड पान होतं. मग अर्धं झालं, मग परिच्छेद. शेवटी 'काही' आणि 'राहत असत' यांच्यामध्ये जेवढं मावलं तेवढं.

त्या धक्क्याजवळच्या गल्लीला आता एका हुतात्म्याचं नाव होतं. पूर्वी तिला नावच नव्हतं. सिसिलीवाल्यांची गल्ली म्हटलं की पुरे. जुन्या गावाच्या भिंतीबाहेर, नव्या गावाच्या कडेला चिकटलेली आठ-दहा घरं. निळी दारं, दारांत वाळत घातलेली जाळी, आणि खिडकीतून खिडकीत असं काही मोठ्याने बोलणं की परक्याला वाटावं भांडण लागलंय. तिसऱ्या घरात नून्त्सिया राहायची. नवरा वादळात गेलेला. मुलगा गास्पारे, पंचविशीचा, बापाचीच होडी चालवणारा. मास्तरांची आई आणि नून्त्सिया यांचा शेजार नव्हता, पण देवघेव होती, कारण दोघी एकाच सार्वजनिक न्हाणीघराच्या कामावर कधीकाळी होत्या. शुक्रवारी आईचा कुसकुस त्या घरी जाई, आणि रविवारी त्यांचं काहीतरी या घरी येई. त्यात डुकराचं काही नसतं हे नून्त्सिया दर वेळी छातीवर क्रूस काढून सांगे, आणि आई दर वेळी म्हणे, "अगं, मला काय माहीत नाही का तू कशी आहेस!"

तो जुलै आला तेव्हा खमैस सतरा वर्षांचा होता. रेडिओवरून हाक आली होती. गावोगावहून पोरं ट्रकमध्ये बसून बिझर्टला येत होती, गाणी म्हणत, बहुतेकांच्या हातात काही नव्हतं. खमैस चाळीस-पन्नास जणांबरोबर नव्या गावातल्या हमरस्त्यावर होता, पिंपांच्या आणि गाद्यांच्या आडोशाला. इथपर्यंतचं दरवर्षी सांगितलेलं सगळं खरं होतं. विमानंही खरी होती. ती एवढ्या खालून आली की पंखाखालचे गंजाचे डाग दिसले. त्यानंतरचं मात्र खरं असं होतं की दुसऱ्या फेरीच्या आवाजाबरोबर त्याचे पाय निघाले. त्याने ठरवलं नाही. पाय निघाले, आणि तो पायांच्या मागे गेला. शेजारच्या पोराने, कुठल्यातरी आतल्या खेड्यातून आलेल्या, नाव न विचारलेल्या पोराने "अरे, कुठे?" असं विचारलं. तेवढंच. दोन गल्ल्या, एक अंगण, एक भिंत. भिंतीवरून उडी मारताना डावा घोटा मुरगळून असा काही आवाज झाला की त्याला वाटलं गोळी लागली. पुढे आयुष्यभर लोकांनाही तसंच वाटलं, आणि त्याने कधी कोणाला तसं सांगितलं नाही, फक्त कोणी म्हणालं तर तो गप्प राहिला.

अंगण नून्त्सियाचं होतं. तिने त्याला काखेत धरून आत ओढलं. गास्पारे कालव्यापलीकडे झरझूनाला अडकला होता. नेआण करणारी बोट बंद होती. तिने खमैसचा मळका शर्ट चुलीत घातला, गास्पारेचा गंजीफ्रॉक त्याच्या अंगात चढवला, घोटा व्हिनेगरच्या फडक्याने बांधला आणि त्याला स्वयंपाकघरातल्या बाकावर बसवलं. ना तिने विचारलं की तू कुठून आलास, ना म्हणाली की शूर आहेस किंवा भित्रा आहेस. म्हणाली, "आईला माहीताय का तुझ्या? नाही ना? बघ आता, जीव जाईल तिचा." दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रेंच शिपाई आले. पॅराशूटवाले, ठिपक्यांच्या कपड्यांतले, खमैसपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे. त्यांतल्या एकाने विचारलं, हा कोण? खमैसचं तोंड उघडलं. त्या वेळी आपण नेमकं काय बोलणार होतो हे त्याला कधीच कळलं नाही, कारण त्याआधीच नून्त्सियाने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि मग ती सिसिलियनमध्ये, मोडक्या फ्रेंचमध्ये त्याच्यावर ओरडत सुटली: मेल्या, पाहुणे आलेत तर उठता येत नाही? आणि शिपायांकडे वळून हात हवेत फिरवून, मुका आहे हो माझा, जन्माचा मुका, डोक्यानेही थोडा असा. आणि हसली. हसत हसत तिने माठातलं पाणी त्यांना दिलं, ते पीत असताना हसत राहिली, दारापर्यंत गेली, ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दारात उभी राहून हसत राहिली. मग दार लावून ती जमिनीवर बसली आणि तिने तोंडात एप्रनचं टोक कोंबलं, कारण तिचे दात वाजत होते. संध्याकाळी तिने मकरोनी केली. घरात त्याशिवाय काही नव्हतं. खमैसने तीनदा मागून घेतली. भूक लागली होती याचीसुद्धा नंतर लाज वाटावी, एवढी भूक.

इथवर आलं की मास्तरांचं मन दर वेळी बिथरत असे आणि दुसरीकडे पळत असे, कुठल्यातरी हिशेबी गोष्टीकडे, पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे, नातवाच्या दाताकडे. आज ते पळेना. जुन्या बंदराच्या पायऱ्यांवर मास्तर बसले. पाण्यावर डिझेलचे रंग हलत होते. पुढचं दृश्य समोर येऊन उभं राहिलं. तोफा थांबून आठवडा झाला होता. जुन्या गावात घराघरातून रडणं ऐकू येत होतं. एकट्या त्यांच्या गल्लीतले सात जण गेले होते. मशिदीजवळच्या चौकात माणसं जमली होती, आणि मधोमध हमूदा होता. हमूदा गोदीतला हमाल, तिशीचा, मानेवर पोत्यांचे घट्टे. त्याचा धाकटा भाऊ त्या सातांत होता. कोणीतरी म्हणालं होतं की सिसिलीवालीने शिपायांना घरात घेतलं. हमूदाने गर्दीतून वाट काढत खमैसच्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्या बाजूला अडकला होतास ना रे? हमरस्त्यावर होतास म्हणे तिसऱ्या दिवसापर्यंत. तुला दिसलं असेल. शिपाई तिच्या घरात गेले का?"

गेले होते. हे खोटं नव्हतं. खमैस "नाही" म्हणाला असता तर ते खोटं झालं असतं, असं त्याने पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं होतं. आणि "गेले, पण मला शोधायला" म्हणाला असता, तर मग तो तिथे काय करत होता? चौकात त्याची आई बायकांत उभी होती, मुलगा जिवंत परतला म्हणून मान ताठ करून. त्याने म्हटलं, "गेले." हमूदाने विचारलं, "मग?" "पाणी प्यायले." आणि गर्दी अजून त्याच्याकडेच बघत होती, एवढ्या माणसांनी त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं, काहीतरी आणखी द्यायला हवं असं वाटलं, आणि त्याने ते दिलं. "ती हसत होती," तो म्हणाला.

त्या रात्री गास्पारेची होडी जळली. सकाळी तिचा सांगाडा धक्क्याला लागून धुमसत होता आणि पोरं त्यावर दगड मारत होती. पाववाला नून्त्सियाला पाव देईना. आईने घरातून तिचा एक चिनीमातीचा वाडगा शोधून काढला, तीनदा घासला, आणि म्हणाली, "असल्या बाईच्या हातचं खाल्लं मी इतकी वर्षं! जा, दारात ठेवून ये. बोलू नकोस." खमैस गेला. दार लोटलेलं होतं. वाडगा उंबऱ्यावर ठेवताना तो किणकिणला, आणि नून्त्सिया बाहेर आली. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, खाली बघत होती. "पाय बरा आहे का?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. "पाण्यात मीठ घालून शेकायचा," ती म्हणाली. तिला सगळं कळलेलं होतं; कोण काय म्हणालं हे त्या गावात संध्याकाळपर्यंत दारोदार पोचत असे. तिने चौकात येऊन एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. ती आली नाही. सप्टेंबरात ती आणि गास्पारे दोन ट्रंका घेऊन गेले, ट्रापानीला की मार्सेलला, कोणी म्हणालं इकडे, कोणी म्हणालं तिकडे. बिझर्टचा स्वभावच असा की माणसं गेली की त्यांची घरं दोन दिवसांत भरतात, आणि तिसऱ्या दिवशी नवे लोक जुन्यांच्या खिळ्यांना आपल्या पिशव्या अडकवतात.

पायऱ्यांवरून उठल्यावर मास्तर घरी गेले नाहीत. किल्ल्यामागचा चढ चढून ते हमूदाच्या दारात गेले. हमूदा आता ऐंशीचा. उन्हात स्टुलावर बसून तो डाळिंब सोलत होता. दृष्टी अधू झाली होती, पण बोटं दाणे न फोडता अचूक काढत होती.

"कोण, मास्तर का? पाय ओढलेला ऐकला. बस. डाळिंब घे, गोड आहे यंदाचं."

"दादा, एक सांगायचंय तुम्हाला. एकसष्टचं."

"परत? मला काय सांगतोस, मी होतो की तिथे. शाळेत सांग."

"शाळेत सांगतो ते नाही." मास्तरांना वाटलं होतं की तोंड उघडायला कष्ट पडतील, पण सगळं भराभर आलं, भिंत, घोटा, गंजीफ्रॉक, थप्पड. सांगताना ते हमूदाच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबली नाहीत. शेवटी ते म्हणाले, "ती माझ्यासाठी हसत होती, दादा. मला वाचवायला."

हमूदाने मूठभर दाणे वाडग्यात टाकले. "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू तिच्याकडे होतास ते. अरे, तू लंगडत तिच्या मागच्या दाराने बाहेर पडलास, गास्पारेचा गंजीफ्रॉक अंगात. तो तुझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. माझ्या बायकोने बघितलं, पाववाल्याने बघितलं. चौकातल्या निम्म्या माणसांना माहीत होतं."

मास्तरांना बसायला काही नव्हतं. ते भिंतीला टेकले. "मग मला का विचारलंत?"

"का म्हणजे!" म्हाताऱ्याला त्या प्रश्नाचा राग आला, जुना, कोरडा राग. "माझा भाऊ पुरून मला आठवडा झाला होता. ज्यांनी मारलं ते तारेच्या कुंपणाआड, तोफा घेऊन. तिथे जाऊन काय करणार होतो? ती बाई समोर होती. पण नुसतं उठून एका विधवेच्या दारात कसं जायचं? कोणीतरी आपल्या डोळ्यांनी बघितलं असं म्हणायला हवं होतं. तू म्हणालास."

"आणि मी म्हणालो नसतो तर? खरं काय ते सांगितलं असतं तर?"

आता बोटं थांबली. हमूदाने डोळे वर केले. त्यांच्यावर दुधासारखी साय होती. खालच्या गल्लीत कोणीतरी गालिचा झोडपत होतं, तेवढाच आवाज. "तर..." तो म्हणाला, आणि विचार करत राहिला, खरोखर विचार करत, जणू हे त्याने स्वतःला आज पहिल्यांदा विचारलं होतं. "तर आम्ही घरी गेलो असतो, बहुतेक. लाज वाटली असती ना."

मग तो परत डाळिंबाकडे वळला. "आता कोणाला सांगत बसू नकोस. तू मास्तर झालास, चार पोरांना उभं राहायला शिकवलंस, बरं झालं. कोणीतरी सांगणारा लागतोच. पोरांना चांगलं काहीतरी ऐकू दे."

चढ उतरताना मास्तरांना वाटत होतं की आपल्या अंगातून काहीतरी काढून घेतलं गेलंय आणि ते हलकं वाटण्यासारखं नाही. एकोणपन्नास वर्षं त्यांनी एक गोष्ट छातीशी धरून ठेवली होती, कोणाला कळू नये म्हणून झोपेतसुद्धा ओठ घट्ट मिटले होते; आणि ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. जे त्यांना हात छातीला लावून नमस्कार करत, लग्नात पहिल्या पंगतीला बसवत, ज्यांनी त्यांच्या पुस्तकाचं कौतुक केलं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. ते सदतिसावं पान वाचून त्यांनी काय केलं असेल? हसले असतील? नाही. त्यांना बरं वाटलं असेल. त्यांच्यासाठीही ते एकच वाक्य पुरेसं होतं. या विचाराने मास्तर रस्त्यातच थांबले. आपण एकटेच लपवतोय असं वाटत होतं तोवर निदान ते पाप आपलं होतं, आपल्या मापाचं. आता कळत होतं की अख्खं गाव त्यांच्या मागे लपलं होतं, आणि त्यांनी इतकी वर्षं दरवर्षी, टाळ्या घेऊन, ते दार लावून धरलं होतं.

घरी कमर वाट बघत होती. छत्तीस वर्षांचा संसार; लग्न जुळवताना तिच्या बापाने मुलाकडे एवढंच बघितलं होतं की तो लढलेला आहे. "कुठे होतात? सलीमचा फोन येऊन गेला दोनदा. म्हणतो मास्तर टोपी घालून पळत सुटले, बरं नाही का? आणि मकरोनीचं काय ते?" मास्तरांनी तिला सांगितलं. हातपाय न धुता, दारातच उभ्याने. आणि हमूदाकडे जाऊन आल्याचंही सांगितलं. कमर बराच वेळ ओट्यावरचं फडकं चार घड्या करून ठेवत राहिली, उलगडत राहिली.

"आधी हमूदाला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

"तो तिथे होता म्हणून..."

"मी इथे होते. छत्तीस वर्षं. तुमच्या त्या पायाला मी तेल लावलंय, गोळी लागलेला पाय म्हणून." तिचा आवाज चढला आणि मग मध्येच बसला. "बापाला माझ्या दुसरं स्थळ होतं. कस्टममधलं."

"माहीत आहे."

"म्हणे माहीत आहे! इथे सगळ्यांनाच सगळं माहीत असतं!" तिने फडकं खाली टाकलं. मग थोड्या वेळाने, त्यांच्याकडे पाठ करून, वेगळ्याच आवाजात तिने विचारलं, "तिला कधी पत्र घातलंत?"

"नाही."

"का?"

"पहिली काही वर्षं भीती वाटत होती की ती उत्तर देईल. नंतर वाटायला लागलं की देणार नाही."

कमरने त्यांचं ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि आपलं ताट घेऊन ती शेजारच्या खोलीत जेवायला गेली. लग्न झाल्यापासून ती असं कधी जेवली नव्हती. मधल्या भिंतीतून चमच्याचा आवाज येत होता. मास्तर तो ऐकत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले. सलीमला वाटलं राहिलेली टाळी घ्यायला आलेत. त्याने खुर्ची ओढली, पाणी मागवलं. मास्तर म्हणाले, "कालचं थोडं राहिलं सांगायचं. दहा मिनिटं दे." सांगायला सुरुवात केली तेव्हा सलीमच्या चेहऱ्यावर हसू होतं. 'माझे पाय निघाले' इथवर ते आले तेव्हा ते हसू तिथेच राहून गेलं होतं, उचलायचं विसरलेलं. "मास्तर," तो हळूच पुढे येऊन म्हणाला, "बाहेर बोलू का आपण? पोरं लहान आहेत." मास्तर म्हणाले, "मी सतरा वर्षांचा होतो, सलीम. हे बाराचे आहेत. पाच वर्षांचं काय ते अंतर." आणि ते बोलत राहिले. चष्मा त्यांनी पुसला नाही. मुलांकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही. ते खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघून बोलले, पाठ न केलेल्या मुलासारखे अडखळत. होडीपाशी आल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी "शी" असं म्हणालं. अगदी हळू. त्यांना ते लागलं, आणि लागल्यावर कळलं की हा आवाज ऐकायला ते फार दिवस थांबले होते. हमूदाला काय म्हणालो, हमूदा काय म्हणाला, तेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "एवढंच. टाळ्या वाजवू नका." सांगायची गरज नव्हती. कोणी वाजवल्या नाहीत. कोणीतरी बाक सरकवला, कोणीतरी नाक ओढलं, आणि सलीम जमिनीकडे बघत उभा राहिला.

मग रहमा उठली. तिच्या भुवईवरची खपली आज निघाली होती आणि खाली गुलाबी कातडी दिसत होती. "त्या बाईंचं नाव काय म्हणालात?"

"नून्त्सिया."

"कसं लिहायचं?"

मास्तर फळ्यापाशी गेले आणि त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, आधी अरबीत, मग खाली लॅटिन लिपीत. इतक्या वर्षांत हे नाव त्यांच्या हाताने कधीच लिहिलं नव्हतं. अक्षर चांगलं आलं. बाकांवर पेन्सिली चालू लागल्या.

"आणि आडनाव?" रहमाने विचारलं.

मास्तर खडू घेऊन उभे राहिले. त्यांना रशियन आरमारातल्या अकरा अधिकाऱ्यांची आडनावं पाठ होती, तुर्की किल्लेदारांची ओळीने. त्या घरात ते तीन दिवस राहिले होते. त्या बाईच्या नवऱ्याचं, मुलाचं नाव त्यांना माहीत होतं, तिच्या माठावरची भेग माहीत होती. आडनाव त्यांनी आठवून बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की ते विसरलेलं नाही. ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या घरात ती 'सिसिलीवाली' होती, चौकातही तीच.

"माहीत नाही," ते म्हणाले.

खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवून ते वळले. पहिल्या बाकावरच्या दोन मुलांनी सरकून दिलेल्या जागेत ते बसले, गुडघे बाकाला टेकवून. वर्गातल्या पोरांच्या रांगेत बसल्यावर फळा फार उंच दिसत होता.

रहमाने नाव लिहून पूर्ण केलं. पेन्सिल वर धरून तिने थोडा वेळ आपल्या कागदाकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर," तिने विचारलं, "मग आडनावाला किती जागा सोडू?"